केळापूरच्या वळणावरची बाटली

९ नोव्हेंबर २०२५, रविवार
तांडा, ता. उमरखेड

चि. शीला,

चांदीला कीटोसिस झाला आहे. आज सकाळी साडेआठला डॉ. खुशी मॅडमनी तिच्या रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि मशीनवर आकडा आला, दोन पॉइंट सहा. गाय व्यायली त्याला आज अठरावा दिवस. कालवड ठणठणीत आहे.

आधी काय झालं, मग ते कोणी तपासलं, आणि शेवटी पुढे काय होईल, हा क्रम माझ्या हाताला लागलेला आहे. एकतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून दर महिन्याच्या पाच तारखेला तालुक्याला अहवाल दिला. एकदाही सहा तारीख होऊ दिली नाही. म्हणून तुलाही तसंच लिहितोय. मेळघाटात तुझ्या वनचौकीवर रेंज नाही, आणि जिथे रेंज येते तिथे तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, असं तुझी याडी सांगते. आईशी तेवढी तू बोलतेस. पत्र मात्र येऊन पडतं. वाचायचं की चुलीत घालायचं, ते तू ठरव.

चांदीचं मला शुक्रवारीच कळलं होतं. तिने ढेप सोडली, दूध उतरलं आणि कडबा चघळत उभी राहिली. जवळ गेलो तर श्वासाला तो वास. जास्त पिकलेल्या केळ्यात कोणी नखांचा रंग ओतावा तसा. हा वास सगळ्यांना येत नाही. माझ्या सोबतच्या चार जणांपैकी तिघांना तो कधी आलाच नाही, ते पट्टीशिवाय बोलत नसत. मॅडमनी विचारलं, "काका, पट्टी लावायच्या आधी तुमाले कसं समजलं?" मी म्हटलं, नाक. तुझी याडी गोठ्याच्या दारातच होती. म्हणाली, "त्या नाकापायीच पोरगी घरातून गेली." मॅडम हसल्या. त्यांना वाटलं नवरा-बायकोची गंमत चालली आहे.

मागच्या डिसेंबरचं सगळं तुला माहीत आहे, तरी एकदा लिहून ठेवतो. पांढरकवड्याला राज्याच्या संघाची निवडशर्यत होती, एकवीस किलोमीटर. पांढरकवड्याहून केळापूरकडे जायचं आणि वळून परत यायचं, अशा फेऱ्या. सकाळी गाडीपाशी तू पळायला ताकद यावी म्हणून ती कीटोनची छोटी बाटली नाक दाबून प्यालीस. तोंड पुसत माझ्याजवळ आलीस आणि मला तो गोठ्यातला वास आला. मी तुझ्या प्रशिक्षकासमोर, भीमराज सरांसमोर, आणि इतर पोरींसमोर मोठ्याने म्हणालो, "गाईचा रोग बाटलीत भरून प्यायला लागली पोरगी." तू खाली वाकलीस. बुटाची नाडी सोडून परत बांधलीस.

तिसऱ्या फेरीला केळापूरच्या वळणावर तू माझ्या हातून पाण्याची बाटली घेतलीस. पुढे थोड्या अंतरावर पोट धरून बसलीस आणि ओकलीस. तोपर्यंत तू दुसरी होतीस.

मग तांड्यात माझं नाव घेऊन एकच बोलणं झालं. लालसिंगनं आधीच सांगितलं होतं, गाईचा रोग आहे म्हणून. पांढरकवड्याच्या लोकांनी भीमराज सरांच्या मैदानावर पोरी पाठवणं बंद केलं. तूही त्यांना सोडलंस, आणि मग मलाही. परवा याडी म्हणाली, यंदा तू नाव दिलेलं नाहीस. "माझं पोट लांब पळायचं नाही" असं तू तिला फोनवर म्हणालीस. नावं द्यायची शेवटची तारीख दहा डिसेंबर आहे, हे मी पांढरकवड्याला फोन करून विचारून घेतलं.

बाटलीबद्दल आज एवढंच लिहितो.

चांदीला मॅडमनी शिरेतून ग्लुकोज दिलं, पाजायचं औषध पाच दिवस आहे. शुक्रवारपर्यंत रवंथ नीट सुरू व्हायला हवं.

बापू

१७ नोव्हेंबर, सोमवार

चि. शीला,

चांदीचा आकडा आज शून्य पॉइंट सात. मॅडमनी सकाळी पाहिला. दूध वाढलं, आणि तिने कुंपणावरचा याडीचा पदर ओढून खायचा प्रयत्न केला. म्हणजे भूक आली.

दुसरी बातमी माझी. गुरुवारी मी तुझी कीटोनची बाटली प्यालो.

घाबरू नकोस, सावकाश सांगतो. तुझ्या बॅगेतल्या दोन बाटल्या लोखंडी कपाटात पडून होत्या. वापरायची तारीख येत्या जानेवारीची होती. मी मॅडमना विचारलं होतं, की ज्याने गाय बसते तेच पिऊन माणूस पळतो, हे कसं? त्या म्हणाल्या, "काका, मी जनावराची डॉक्टर. माणसाचं मले विचारू नका. पण रसायन एकच आहे, तेवढं सांगते." दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन इंग्रजी निबंध छापून आणले आणि गोठ्यापुढच्या बाजेवर बसून आम्ही ते वाचले. मला जेवढं समजलं तेवढं तुझ्यासाठी लिहितो. तुला हे भीमराज सरांनी आधीच सांगितलं असणार. मी तेव्हा ऐकायला उभा राहिलो नव्हतो.

अंगात साखर कमी पडली की यकृत चरबी फोडून कीटोन तयार करतं. गंमत अशी की यकृताला स्वतःला ते जाळता येत नाहीत. ते बनवून रक्तात सोडतं आणि स्नायू, हृदय, मेंदू ते जाळतात. उपाशी माणूस त्याच्यावर तग धरतो. व्यायलेल्या गाईची सगळी साखर दुधात जाते. मग यकृत चरबी फोडत सुटतं, जळण्यापेक्षा साठतं जास्त, आणि गाय खाणं सोडते. खाणं सोडलं की साखर आणखी कमी. तो फेरा म्हणजे रोग.

तुझ्या बाटलीत मात्र तयार कीटोन होतं. जेवलेल्या, धडधाकट पोरीच्या अंगात ते वरून पडतं. स्नायूंमध्ये साखर असतेच, तिच्या जोडीला ते थोडंसं जळतं. रक्तातली साखर जरा उतरते, चरबीचं फुटणंही मंदावतं. त्यातून पळणं वाढतं का, यावर दोन्ही निबंधांचं एकमत नाही. एकात थोडा फायदा दिसला, दुसऱ्यात काहीच नाही, उलट काहींचं पोट बिघडलं. शेवटच्या जोराच्या पळण्याला तर साखरच लागते, असं दोन्हीकडे आहे. मॅडम म्हणाल्या, "जादू नाही काका. पण विषही नाही."

मी म्हटलं, मला आकडा पाहायचा. सरकारी दवाखान्यात जाऊन माझी शुगर तपासून घेतली. तिथले डॉक्टर म्हणाले, तुम्हाला मधुमेह नाही, जेवून एकदा घेतलं तर हरकत नाही, पण हे कशासाठी? मी म्हटलं, कामासाठी.

गुरुवारी भाकर-वरण खाऊन बसलो. मॅडमनी बोटाला टोचलं. शून्य पॉइंट दोन. मग प्यालो. शीला, तू हे नाक दाबून का प्यायचीस ते समजलं. रॉकेलही बरं. तांड्यातला सेवादास समोर बसला होता, त्याला गप्प राहणं कधी जमलं आहे?

"काय रे लालसिंग, म्हातारपणी रेसमधी उतरून राह्यला का?"

"गप बस."

"नाई, मंग सांग ना. मले बी दे एक घोट. दोघं पळू."

अर्ध्या तासाने परत टोचलं. दोन पॉइंट सात. चांदी ज्या दिवशी मान टाकून बसली होती त्या दिवशी तिचा आकडा दोन पॉइंट सहा होता. मी तिच्यापेक्षा एका दशांशाने पुढे होतो, आणि मला साधं गरगरलंही नाही. मशीन खोटं बोलतंय म्हणून मी दुसरी पट्टी लावायला लावली. तोच आकडा.

मग टेकडीवरच्या देवळापर्यंत चढलो. अंगात बळ संचारलं असं काही झालं नाही. ढेकर मात्र असे आले की वाटेतली शेळी बाजूला झाली. सेवादास चहा आणि बिडीच्या जोरावर माझ्या आधी वर पोचला आणि वरून ओरडला, "अरे, तुझ्या बाटलीपक्षा माही बिडी फास्ट आहे!"

देवळापाशी बसून मी एकच विचार केला. आकडा तोच, वासही तोच. एक जीव आजारी, एक टेकडी चढून आलेला. एकतीस वर्षं मी वासावरून रोग ओळखला, आणि ओळखता ओळखता वास म्हणजेच रोग असं धरून बसलो.

आणि हे तर मला शिकवलेलं होतं. प्रशिक्षणात पहिल्याच वर्षी होतं. बैलाने चारा खाल्ला की त्याच्या पोटाच्या आतल्या कातड्यातच हे कीटोन थोडंथोडं तयार होतं, रोज, निरोगी बैलात. आपले वाडवडील मीठ-धान्याची लदेणी घेऊन बैलांमागे शेकडो कोस चालले. त्या बैलांच्या अंगात जे जळत होतं त्यात हेही होतं. ज्याच्या जोरावर आपला तांडा चालला त्यालाच मी तुझ्या तोंडावर रोग म्हणालो.

आणखी एक गोष्ट लिहायला घेतली होती. टपालाची पिशवी तीनला निघते, आता पावणेतीन झाले.

बापू

२३ नोव्हेंबर, रविवार

चि. शीला,

त्या दिवशी केळापूरच्या वळणावर मी तुझ्या हातात दिलेल्या बाटलीत भीमराज सरांनी भरलेलं पाणी नव्हतं. त्यात गूळपाणी होतं. हे करताना मला कोणी पाहिलं नाही, म्हणून याची खात्री फक्त मीच देऊ शकतो.

मागच्या पत्रात टपालाची वेळ झाली म्हणालो. पिशवी त्या दिवशी चारला गेली.

सरांनी बाटली माझ्याकडे दिली तेव्हा सांगितलं होतं, "काका, यात मीठ, लिंबू अन् कीटोनचा दुसरा हप्ता आहे. तिसऱ्या फेरीले द्या." तुझी याडी दर्शनाला केळापूरच्या देवळात गेली. मी गाडीमागे जाऊन ती बाटली बाभळीच्या बुडात ओतली. पिशवीत पाव किलो गूळ होता. तो अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवला आणि ते भरलं. हे माप गाईचं आहे. औषध संपलं असलं की गावोगाव मी हेच पाजायचो. माणसाने पळताना साखर घ्यावी, पण घोटभर, पातळ करून, हे मला मॅडमच्या निबंधातून आता कळलं. एवढा घट्ट गूळ पळणाऱ्या पोटात गेला की पोट पाणी ओढून घेतं आणि मुरडतं. तुला नेमकं तेच झालं.

तू एका दमात प्यालीस. गोड लागलं असणार. कडूपणा मारायला सरांनीच काही घातलं असं तुला वाटलं असेल.

म्हणजे तुझ्या पोटात खोट नाही. कीटोननेही काही बिघडलं नाही, सरांनीही नाही. त्या दिवशी दुसरी असलेली पोरगी रस्त्याच्या कडेला बसली ती माझ्या हातच्या गुळाने.

मला वाटत होतं की कारण एका ओळीत लिहिता येईल. "तुझ्या श्वासाला वास आला, मी घाबरलो, म्हणून केलं." हे वाक्य वर्षभर माझ्याकडे तयार होतं. तांड्यात कधी उघडकीला आलं तर हेच सांगायचं ठरवलं होतं. काल रात्रीचं जेवण झाल्यावर याडीने विचारलं, पोरीला काय एवढं लिहून राह्यले? मी तिला सगळं सांगितलं आणि शेवटी हे वाक्यही सांगितलं. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "वास कवा आला?"

"सकाळी. शर्यतीच्या आधी."

"अन् गूळ कवा घेतला पिशवीत?"

शीला, गूळ मी आदल्या दिवशी घरून निघतानाच घेतला होता.

वास नंतर आला. गूळ आधीच पिशवीत होता. तुझ्या त्या बाटल्यांवर माझा राग दिवाळीपासूनचा होता. मी तुला लहानपणी टेकडीवर पळवलं, शेण काढायच्या आधी उठवलं, आणि तू माझं सोडून पांढरकवड्याच्या एका माणसाचं ऐकायला लागलीस. मला तू हरायला नको होतीस, हे खरं आहे. पण मी पाजलेलं पिऊन जिंकावंस, हेही तितकंच खरं आहे. भीती होती. तिच्याआधी हट्ट होता.

तुझी याडी तेवढंच विचारून भांडी घासत राहिली. सकाळी चहा आला तो बिनसाखरेचा. मी कपाकडे पाहिलं तर म्हणाली, "आता या घरात गोड पदार्थाले तुमी हात लावायचा नाई."

तू नाव दे, असं मी म्हणणार नाही. म्हणायचा अधिकार त्या बाभळीच्या बुडात ओतला. फक्त तारीख परत लिहितो, दहा डिसेंबर.

भीमराज सरांना पत्र लिहिणार होतो. याडी म्हणाली, जाऊन सांगा. गुरुवारी पांढरकवड्याला जातोय.

बापू

५ डिसेंबर, शुक्रवार

चि. शीला,

भीमराज सरांना भेटलो. मी सांगायच्या आधीच त्यांना माहीत होतं. हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

मैदान तू पाहिलंस तसंच आहे, गवत फक्त वाढलंय. तीन पोरी होत्या. ऐकून हसशील, त्यातल्या सर्वांत लहान पोरीचं नावही आपल्या मॅडमसारखं खुशीच. ती अनवाणीच पळते. सर कडेला बसून तिच्या पायातला काटा काढत होते. मला पाहून उठले नाहीत. "बसा काका," म्हणाले.

मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. बाटली, बाभूळ, गूळ. ते काट्यावरच लक्ष ठेवून होते. माझं झाल्यावर म्हणाले, "पाव किलो होता का?"

"हो."

"मले वाटलंच. मी ती बाटली घरी नेली होती, तशीच ओट्यावर ठेवली. सकाळी पाहतो तं मुंग्यायची रांग. मी टाकलं होतं मीठ-लिंबू अन् कीटोन. त्याले मुंग्या नाई लागत काका."

मी विचारलं, मग वर्षभर बोलला का नाही?

त्यांनी निघालेला काटा दूर फेकला. पोरीला म्हणाले, जा, दोन चकरा सावकाश मार. मग माझ्याकडे वळले.

"शीला रस्त्यावर बसून मले म्हणे, सर, गोड काय टाकलं तुमी? मले तिथंच समजलं. पण तुमी तिच्या मागं बसून तिची पाठ चोळून राह्यले होते. ज्याचा हात पाठीवर आहे त्याच्याकडं बोट कसं दाखवू? म्हटलं उद्या सांगू. उद्यापावतर तं गावात ठरूनच गेलतं. मंग मी सांगतलं असतं तर लोक काय म्हणते? तुमी बाप. मी बाटलीवाला."

मी माफी मागितली. शब्द कोणते वापरले ते आठवत नाही. ते म्हणाले, "माफी मले नका मागू काका. तुमी तिकडं जेवढ्या मोठ्यानं बोलले, तेवढ्याच मोठ्यानं हे बोला." आणि पुढे असंही म्हणाले, की कीटोनचा त्यांनाही आता तेवढा भरवसा राहिलेला नाही. "महागाचं आहे, अन् फरक पडलाच असं डोळ्यानं दिसलं नाई. पण ती शर्यत होऊन गेली असती तर निदान समजलं असतं. तुमी समजूच नाई दिलं."

हे वाक्य मला येताना बसमध्ये सबंध वाट ऐकू येत होतं.

काल संध्याकाळी तांड्याचे नायक धरमसिंग यांच्या अंगणात बैठक होती, पाण्याच्या टाकीसाठी. टाकीचं आटोपल्यावर मी उभा राहिलो. तुला माहीत आहे, मागच्या वर्षी त्याच अंगणात लोकांनी मला शाबासकी दिली होती आणि मी ती घेतली होती. मी सगळं सांगितलं. गूळ आदल्या दिवशीचा होता, हेही. मग सेवादास म्हणाला, "म्हंजी वर्षभर आमी तुले जाणता म्हणत होतो ते फुकट?" काही जण हसले. नायक हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या मास्तरचं काय?" मी म्हटलं, तुम्ही सांगाल ते. त्यांनी सांगितलं की आपल्या तांड्यातल्या ज्या पोरी पळतात, त्यांना घेऊन रविवारी मीच पांढरकवड्याला जायचं, आणि मैदानावर आलेल्या आई-बापांना मीच सांगायचं. सध्या तशी एकच आहे, संजयची वैष्णवी. संजय म्हणाला, "काका, पाठवतो. पण पाणी ती घरून नेईन." हे मला ऐकून घ्यावं लागलं.

आज पाच तारीख. अहवालाची. तुला हा शेवटचा. यात लपवलेलं काही नाही. नावं द्यायला पाच दिवस उरले आहेत.

चांदीने काल साडेसात लिटर दिलं.

बापू

२५ डिसेंबर, गुरुवार

चि. शीला,

तुझं नाव यादीत आहे, छातीवरचा क्रमांक एकशे अठरा. भीमराज सरांनी काल याडीच्या फोनवर यादीचा फोटो पाठवला. तू नऊ तारखेला नाव दिलंस, असंही ते म्हणाले.

तुझं कार्ड शनिवारी आलं. माझ्या नावाने लिहिलेलं तुझं अक्षर वर्षाने पाहिलं. याडीने आधी वाचलं, मग मला दिलं, मग परत घेऊन स्वतःच्या डब्यात ठेवलं. त्यातल्या ओळी पाठ झाल्या आहेत.

"बापू, गोड लागलं होतं. मी सरांना वाटेल ते बोलले, त्यांनी ऐकून घेतलं. गूळ आधीच पिशवीत होता हे तुम्ही लिहिलं नसतं तर मी आले नसते. अजून राग आहे. तो शर्यतीसाठी सोडणार नाही, लागेल मला. बाटल्या मी स्वतः भरून सरांकडे देईन, दोन. केळापूरच्या वळणावर एक याडी घेऊन उभी राहील रस्त्याच्या डाव्या हाताला, एक तुम्ही उजव्या. कोणती घ्यायची ते मी पळताना ठरवीन. शीला."

टपालाने पत्र तुला शर्यतीआधी मिळणार नाही. म्हणून हे टपालात न टाकता वैष्णवीच्या हाती देतोय. ती परवा सरांकडे मुक्कामाला जाते आहे, तिथे ते तुला मिळेल. गेले तीन रविवार तिला मीच मैदानावर नेतो. पहिल्या रविवारी आलेल्या सात पालकांना सगळं सांगितलं. एक बाई म्हणाली, "तुमाले लाज नाई वाटली?" मी म्हटलं, वाटली, उशिरा वाटली. दुसऱ्या रविवारी पाच पोरी होत्या, मागच्या रविवारी नऊ. वैष्णवी पाणी घरूनच आणते.

तुझी याडी रोज संध्याकाळी अंगणात बाटली धरून हात पुढे करायचा सराव करते. मी म्हटलं, "अवं, ती काय तोफ आहे का?" तर म्हणाली, "तुमी तुमची पाहा. माह्याकडूनच घेईन ते." तिची खात्री आहे. तुझी काय तयारी आहे ते मला विचारायचं नाही. कीटोन घेणार की नाही, तेही विचारायचं नाही. ते तू आणि सर पाहाल.

रविवारी पहाटे दोनला तांड्यावरून निघू. सरांनी बाटल्या झाकणाला पट्टी चिकटवून द्यायचं ठरवलं आहे, मीच त्यांना तसं सुचवलं. शर्यत साडेसहाला सुटेल. सरांच्या हिशेबाने तू पहिल्या फेरीला वळणावर पावणेसातच्या आसपास येशील, तिसऱ्या फेरीला साधारण साडेसातला. तेव्हा ऊन देवळाच्या बाजूने येतं, म्हणजे माझ्या तोंडावर असेल, आणि तू जवळ येईपर्यंत मला तुझा चेहरा नीट दिसायचा नाही. मी उजव्या हाताला उभा असेन. बाटली खांद्याच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी धरलेली. झाकण बंद. तिचा वास मी घेणार नाही.

बापू